घोडी उभी असायची तिथून

पोरा, नवा दिसतोस औषधाच्या दुकानात.
पिशवी कुणाची? दोन्या एर्मेलिंदाची?
मग तो कागद घाल खिशात.
घरांना आकडे होते इथे, निळ्या फरशीच्या तुकड्यांवर;
दर नाताळात चुन्याचा एकेक हात बसत गेला,
आता भिंतींनाही आठवत नाहीत.
पत्ता असा :
घोडी उभी असायची तिथून
दीड चौक तळ्याकडे.

घोडी नाही आता. पत्ता आहे.

हसू नकोस. तुझी आई कुठे राहते?
जुन्या सिनेमापासून दोन चौक ज्वालामुखीकडे, हो ना?
तू जन्मलास तेव्हा त्या सिनेमात
मक्याची पोती पहिल्या रांगेत बसत होती.

चर्चच्या पायऱ्यांपासून निघ.
बग्ग्यांची रांग डाव्या हाताला ठेव.
घोडे एकमेकांच्या तोंडावरच्या माशा शेपटीने उडवतात,
बग्गीवाले तेवढ्यात पत्त्यांत हरतात.
पुढे ओतिलियाची टपरी, केळीचं पान,
त्यावर उकडलेला कसावा, कोबी,
आणि तळलेली डुकराची कातडी.
छपरावर झानाते असतील,
काळे, पिवळ्या डोळ्यांचे, लांब शेपट्यांचे,
खाली उतरले की खटला जिंकलेल्या वकिलासारखे चालतात.
सुटे पैसे मोजत बसलास
तर कातडी गेली म्हणून समज.

एक पांढरा कुत्रा मागे लागेल. लागू दे.
गावातल्या प्रत्येक मयताबरोबर तो स्मशानापर्यंत जातो,
काचेच्या गाडीमागे, घरच्यांच्याही पुढे, मान खाली.
लोक म्हणतात, मरण त्याला आधी कळतं.
काही नाही रे,
रात्रभर जागणाऱ्यांना गोड पाव वाटतात, ते कळतं.
तुझ्या पिशवीत गोळ्या आहेत हे कळलं की
आपोआप वळेल.

मग माझ्या समोरचं हिरवं दार.
तिथे कुणीतरी खोकेल, खोल, तंबाखूचा खोकला,
आणि शेवटी "अरे देवा".
तो पोपट.
खोकला दोन सेबास्तियानचा,
सेबास्तियानला जाऊन तीन पावसाळे झाले.
आतून बाईचा आवाज येईल, "पाणी देऊ?"
थांबू नकोस. उत्तर देऊ नकोस.
पोपटही देत नाही.

आता कोपरा. नीट बघ.
सेनिसा तिचं नाव, रंगही राखेचाच.
फुल्हेन्सियो उर्बिना दुपारी दोनला तिला इथे सोडायचा,
कारण दोननंतर सावली एवढीच,
एका घोडीपुरती.
ती डाव्या पुढच्या खुराने दगड खरवडायची.
एकोणीस वर्षं.
शाळेची पोरं तिच्या पोटाखालून वाकून जायची,
त्यांतलाच एक आता महापालिकेत आहे,
त्याने इथे सिमेंट ओतायला माणसं पाठवली होती.
मी त्यांना उन्हात बसवून घेतलं,
सगळ्यांचे बूट शिवले, फुकट,
अंधार पडेपर्यंत.

म्हणून खळगा आहे अजून, ओंजळीएवढा.
मे ते नोव्हेंबर त्यात पाणी असतं.
झानाते पितात, कुत्रा पितो,
एकदा भर पहाटे फुल्हेन्सियोला
त्यात बोट बुडवताना पाहिलं मी.
त्याने मला पाहिलं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

तिथून दीड चौक. तळ्याचा वास येईल,
दार उघडंच असेल,
म्हातारी झुलत्या खुर्चीत, पाय फुटपाथवर.
औषध कडू आहे का विचारेल, नाही म्हण.
निघताना नव्हे, पोचतानाच "आदिओस" म्हण;
इथे तो निरोप नसतो,
"दिसलास बरं का" एवढंच असतं.

आणि तुझ्या चपलेचा पट्टा सुटलाय,
परत येताना थांब.
माझा पत्ता सोपा आहे,
पोपट खोकतो त्याच्या समोर.
दोन खिळ्यांचं काम.